जोडीचा मल्ल

1980 सालाच्या आरंभी मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर मुष्टियुद्धाचा एक सामना झाला. तीन वेळा जगज्जेतेपद मिळवून आदल्या वर्षी निवृत्ती जाहीर केलेला महंमद अली त्या दिवशी मद्रासकरांपुढे उभा होता. सामना केवळ प्रदर्शनाचा होता. हारजीत पणाला लागलेली नव्हती. लोक लोटले होते ते अर्थातच अलीला पाहावयास. त्याच्यासमोर हातमोजे चढवून उभा असलेला दुसरा पुरुष कोण, हे त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात राहिले असेल.

त्याचे नाव जिमी एलिस. अली आणि तो एकाच लुईव्हिल गावचे. हौशी खेळाडू असताना दोघे दोनदा लढले आणि दोघांनी एकेकदा विजय मिळविला. 1967 मध्ये लष्करात भरती होण्यास नकार दिल्यामुळे अलीचे पद काढून घेण्यात आले, तेव्हा जगातील दोन प्रमुख मंडळांपैकी एकाचे विजेतेपद 1968 मध्ये एलिसने जिंकले. पुढे 1971 मध्ये ह्यूस्टन येथे अलीने त्याला बाराव्या फेरीत हरविले. एवढे असूनही एलिसची ओळख उरली ती अलीच्या सरावाचा सोबती म्हणून. प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला येणारी ही उपेक्षा न्याय्य आहे काय?

मद्रासला या खेळाची ओळख नव्याने करून द्यावी लागणार नव्हती. उत्तर मद्रासच्या श्रमिक वस्त्यांत सार्पट्टा, इडियप्प नायकर यांसारखी मुष्टियोद्ध्यांची घराणी नांदत होती. तमिळ भाषेत त्यांना ‘परंबरै’ म्हणतात. आपल्या ‘परंपरा’ शब्दाचेच ते भावंड. एका घराण्याचा लौकिक दुसऱ्या घराण्याशी झुंजूनच वाढावयाचा. कोल्हापूरच्या तालमींत वाढलेल्या मल्लाला हे निराळे सांगावयास नको. कुस्ती ठरविताना वस्ताद प्रथम जोड पाहतात. जोड विजोड असेल, तर जिंकणाऱ्याच्या फेट्यालाही शोभा येत नाही.

हाच निकष जगातील थोर मुष्टियोद्ध्यांना लावून पाहावा. रॉकी मार्सियानो 49 लढती लढला आणि 49 जिंकून 1956 मध्ये निवृत्त झाला. हा आकडा निष्कलंक खरा. परंतु 1951 मध्ये त्याने ज्या जो लुईला आठव्या फेरीत लोळविले, तो लुई 37 वर्षांचा होता आणि थकलेल्या करांच्या ओझ्यामुळे पुन्हा रिंगणात उतरला होता. तो विजय नावावर होता, माणसावर नव्हता. मात्र केवळ वय पाहूनही निवाडा करता येत नाही. दुसऱ्या वर्षी मार्सियानोपुढे आलेला वॉलकॉट 38 वर्षांचा असूनही विद्यमान जगज्जेता होता. त्याने पहिल्याच फेरीत मार्सियानोला खाली पाडले आणि तेराव्या फेरीपर्यंत गुणांत मागे ठेवले. त्या फेरीतील एका ठोशाने मार्सियानोने पद मिळविले, आणि ते खरे कमाविले.

लुईची गोष्टही अशीच. त्याने 25 वेळा आपले पद राखले. 1941 च्या सुमारास तो जवळजवळ दरमहा लढत असे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची वृत्तपत्रे टर उडवीत. पण त्याच मालिकेत बिली कॉन हा वजनाने कितीतरी हलका योद्धा होता. बारा फेऱ्यांअखेर तो लुईच्या पुढे होता आणि तेराव्या फेरीत पडला. सरसकट टर उडविणाऱ्यांनी कॉनवर अन्याय केला, आणि पर्यायाने लुईवरही.

अलीच्या नावावर 56 विजय आहेत आणि 5 पराभव. तरीही जाणकार त्याला मार्सियानोच्या वर बसवितात, याचे कारण त्याच्या समोरच्या माणसांत आहे. जो फ्रेझरशी तो तीन सामन्यांत मिळून 41 फेऱ्या झुंजला. त्यांतील पहिला हरला आणि पुढील दोन जिंकला. केन नॉर्टनने 1973 मध्ये त्याचा जबडा मोडला. त्याच वर्षी अलीने त्याला हरविले. याच फ्रेझरला आणि नॉर्टनला जॉर्ज फोरमनने प्रत्येकी दोन फेऱ्यांत संपविले होते, आणि त्या फोरमनला 1974 मध्ये किन्शासा येथे अलीने आठव्या फेरीत चीत केले. अमक्याने तमक्याला हरविले, म्हणून तो तिसऱ्यालाही हरवील, हे त्रैराशिक येथे चालत नाही. प्रत्येक प्रतिस्पर्धी नवे कोडे घेऊन येतो; अशी किती कोडी सोडविली, यावर योद्ध्याची प्रत ठरते.

कोडे वेळेवर सोडविण्यालाही महत्त्व आहे. फ्लॉइड मेवेदर 50 लढतींत अपराजित राहिला. पण मॅनी पॅक्वियाओशी त्याचा सामना होणार, अशी चर्चा 2009 पासून चालू असताना तो प्रत्यक्षात 2015 मध्ये झाला. मेवेदर जिंकला, परंतु मधल्या सहा वर्षांत, 2012 मध्ये, पॅक्वियाओ मार्केझच्या एका ठोशाने बेशुद्ध पडला होता. आधी गाठ पडती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या विजयाला कायमचा चिकटला आहे.

मद्रासच्या त्या सामन्यानंतर काही महिन्यांनी, 2 ऑक्टोबर 1980 रोजी, 38 वर्षांचा अली निवृत्ती मोडून लॅरी होम्सपुढे उभा राहिला. दहा फेऱ्यांनंतर त्याच्या शिक्षकाने सामना थांबविला. होम्स थोर योद्धा होता. परंतु जगातील सर्वांत मोठ्या नावावरील तो विजय त्याच्या थोरवीत फारशी भर घालू शकला नाही. मार्सियानोला लुई भेटला, तसाच होम्सला अली भेटला: उशिरा.

एलिस 2014 मध्ये वारला, अली 2016 मध्ये. मद्रासच्या रिंगणात त्या दिवशी एक वीर आणि एक सोबती उभा आहे, असेच पाहणाऱ्यांना वाटले असेल. वस्तुतः तेथे दोन जगज्जेते उभे होते. अलीची उंची मोजावयाची, तर ती एलिस, नॉर्टन आणि फ्रेझर यांच्या खांद्यांवरूनच मोजावी लागते. आणि ते खांदे उतरते मानले, तर लहान होतो तो अलीच.