पोच घेतली का?



नसरापूरहून वेल्ह्याला जाताना वाटेत मार्गासनी लागते. राजगडाला निघालेले इथून साखरकडे वळतात. इथल्या शेतकऱ्याला मात्र गडापेक्षा कचेऱ्यांच्या पायऱ्याच जास्त चढाव्या लागतात. तहसीलदार वेल्ह्यात, प्रांत भोरला. एक पुढे, दुसरा मागे.

समजा, भावकीतल्या कुणी जमिनीचा फेरफार धरायला लावला. तलाठ्याची नोटीस आल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घ्यायची. तरीही नोंद मंजूर झाली, तर 60 दिवसांत प्रांतांकडे अपील. न शिकलेला माणूस साहेबांना भेटून येतो आणि घरी सांगतो, "बघतो म्हणाले." तेवढ्यात मुदत टळते. पदवीधर पुतण्या अर्ज दोन प्रतींत लिहितो आणि एकीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलत नाही.

हे बी.ए.च्या कुठल्या पेपरात शिकवतात? कुठल्याच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहातला प्रवेश, फेरतपासणी असं करत पोरगा खिडक्या पालथ्या घालतो आणि नकळत शिकतो: सही कुणाची चालते, नाही म्हणायचा अधिकार कुणाला, आणि "नियम दाखवा" हे आवाज न चढवता कसं म्हणायचं. माझ्या मते पदवीतला निम्मा ऐवज हाच.

कचेरीत टिकायला शिक्षण लागतं, हे जोतीराव फुल्यांनी फार आधी ओळखलं होतं. कर भरतो रयत आणि त्या पैशातून उच्च शिक्षण मिळतं वरच्या जातींना, हे त्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलं. अक्षरशत्रू कुणबी कचेरीत कसा नागवला जातो, ते पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहिलं. उलट, कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेल्या बाबासाहेबांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. ही खोती, म्हणजे खोतांनी कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, इथल्या मढे घाटाखालच्या कोकणातली.

अर्ज-शिक्क्यांच्या याच विद्येवर काही जण कचेरीबाहेर दलाली करतात, हेही खरं. पण अर्ज कसा करायचा हे गावात चौघांनाच ठाऊक असेल, तर त्याचा भाव लागणारच.

म्हणून महाविद्यालयांना एक विनंती. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर या भागात घ्याल, तेव्हा भिंती रंगवा, हरकत नाही. पण एक दिवस पारावर बसून लोकांना त्यांचा स्वतःचा सातबारा, फेरफार आणि आलेल्या नोटिसा वाचायला शिकवा.