नर्सिंगचा जवळचा रस्ता
(मालवणात बारावीच्या आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



खरं तर आज इथे माझी पत्नी बोलायला हवी होती. पण या आठवड्यात तिला तीन रात्री ड्यूटी आहे, आणि नर्सला "गावी कार्यक्रम आहे" म्हणून सुट्टी मिळत नाही. म्हणून मी आलोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सुई दिसली तरी मान फिरवणारा माणूस. नर्सिंगवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की एक बाई संसार सांभाळून नर्स कशी होते ते मी घरात बसून पाहिलं. आणि सुरुवातीला तिला "नाही" म्हणणाराही मीच होतो.

२०१८ साली आम्ही अमेरिकेहून सुट्टीवर आलो होतो. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आपल्याकडे पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "बांबोळीक न्या." आम्हीही नेलं. बारा दिवस होतो तिथे. डॉक्टर दिवसातून दोनदा दिसायचे. बाकी वेळ नर्स. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. गिळता येतंय का हे पाहिल्याशिवाय पाण्याचा घोट द्यायचा नाही, नाहीतर पाणी फुप्फुसात जातं. हे आम्हाला एका नर्सने शिकवलं. मी हॉस्पिटलच्या बाहेर फोनवर होतो. माझी पत्नी आत शिकत होती.

परत गेल्यावर ती म्हणाली, "मला नर्स व्हायचंय." ती मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. मी म्हणालो, "लोक काय म्हणतील? इंजिनिअरची बायको नर्स?" तिने शांतपणे विचारलं, "बांबोळीत तुझ्या वडिलांची चादर बदलणाऱ्या बाईबद्दल तू काय म्हणाला होतास?" मी म्हणालो होतो, फरिश्ता आहे. दुसऱ्याच्या घरातली मुलगी फरिश्ता, आणि आपल्या घरातली असली की लोक काय म्हणतील! माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता तिचा रस्ता कोणता होता ते सांगतो. ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेत नर्सिंगची वेगवान पदवी असते. सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. साधारण ११ ते १८ महिने. हे ऐकून मला वाटलं, आमच्या कोडिंगच्या क्रॅश कोर्ससारखं असेल. तसं नाही. तुम्ही पदवीत भाषा, इतिहास, गणित वगैरे शिकलेला असता, ते पुन्हा शिकवत नाहीत, एवढाच वेळ वाचतो. नर्सिंग सगळं तेच आणि तेवढंच. फक्त मधल्या सुट्ट्या गायब.

आणि ते १६ महिने सुरू व्हायच्या आधीच आमची तीन वर्षं गेली. आधी इथल्या विद्यापीठातून मार्कशीट मागवा, त्यांचं मूल्यांकन करून घ्या. मग शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र हे विषय कॉलेजात जाऊन पूर्ण करा. मायक्रोबायोलॉजीची पदवीधर असूनही तिला सूक्ष्मजीवशास्त्र पुन्हा घ्यावं लागलं, कारण विषय ठराविक वर्षांपेक्षा जुना चालत नाही. मग प्रवेश परीक्षा, शिफारसपत्रं आणि एक निबंध.

पहिल्या वर्षी नकार आला. तिचा निबंध मीच "सुधारला" होता. सेवा, मानवता, लहानपणापासूनचं स्वप्न असे मोठमोठे शब्द घातले होते. दुसऱ्या वर्षी तिने मला वाचायलाही दिला नाही. तिने बांबोळीतले बारा दिवस लिहिले. कूस कशी बदलायची, तिचं काय चुकलं, नर्सने कसं दुरुस्त केलं. प्रवेश मिळाला. तुम्ही कुठेही अर्ज कराल तेव्हा हे लक्षात ठेवा, जे हाताने केलंय ते लिहा.

प्रवेशानंतर लसीकरणाचे पुरावे मागितले. तिचं लहानपणीचं कार्ड कुठल्या पावसात भिजून गेलं, अल्लाहला ठाऊक. शेवटी रक्त तपासून सिद्ध करावं लागलं. तुमच्या घरी कार्ड असेल तर आज संध्याकाळीच फोटो काढून ठेवा.

जानेवारी २०२२ मध्ये कोर्स सुरू झाला. सकाळी सातची ड्यूटी म्हणजे पाचला घर सोडायचं. बारा तास वॉर्डात, इतर दिवशी वर्ग आणि रात्री अभ्यास. औषधाचा डोस काढायची गणितं असतात. त्यात ठराविक गुण मिळाले नाहीत तर वॉर्डात पाऊलच ठेवू देत नाहीत. मला ते आवडलं. माझ्या कोडमध्ये चूक झाली तर वेबसाइट बंद पडते. तिचा दशांश चिन्ह एक घर सरकला तर माणूस जातो.

तुम्ही विचाराल ते आधीच सांगतो. स्कार्फ? गणवेशाच्या रंगाचा, घट्ट बांधलेला, रोज धुतलेला. हात मात्र कोपरापर्यंत उघडे, कारण तिथवर धुवावे लागतात. पुरुष रुग्ण? हो, असतात. त्यांना आंघोळही घालावी लागते. रमजान? रोजे ठेवले, खिशात खजूर ठेवून इफ्तार केला. एक दिवस चक्कर आली, तेव्हा रोजा सोडला आणि नंतर कझा केला. रुग्णाच्या जिवाशी खेळ नाही, हे तिने तिचं ठरवलं.

आणि घर? स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास माझ्याकडे आला. पहिले दोन महिने माझी भाकरी तव्याला चिकटायची. मालवणचं घर दुरुस्त करायचे पैसे फीमध्ये गेले. इथल्या मुलांना मुद्दाम सांगतो, नर्स होणाऱ्या बाईच्या घरात कोणीतरी दुसऱ्याने उभं राहावं लागतं. तो "कोणीतरी" नेहमी तिची आईच असायला हवी असं नाही.

२०२३ मध्ये तिने परवान्याची परीक्षा दिली. ती संगणकावर असते आणि तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न बदलतो. ८५ ते १५० प्रश्न. खात्री पटली की संगणक थांबतो. तिचा थांबला तेव्हा ती रडत बाहेर आली, नापास झाले म्हणून. पास झाली होती.

आता तुमच्याबद्दल. भारतात पदवीधरांसाठी असा जवळचा रस्ता नाही. बी.कॉम. किंवा बी.ई. झालात तरी नर्सिंगमध्ये पहिल्या पायरीपासूनच चढायचं. म्हणून बारावीतच विचार करा.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या वर्गाला ४५ टक्के. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. जीएनएम तीन वर्षांचं. त्याला सायन्सला प्राधान्य असलं तरी आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही दार उघडं आहे, इंग्रजी आणि ४० टक्के हवेत. नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की तीही पदवीच. वयाची मर्यादा ३५ आहे. मुलग्यांनो, ही दोन्ही दारं तुम्हालाही उघडी आहेत. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. माझ्या बॅचच्या बऱ्याच इंजिनिअरांना पहिल्या नोकरीत याच्या अर्धेही मिळाले नव्हते.

दोन सावधगिऱ्या. एक, कागद. ओबीसीत येत असाल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, खुल्या गटातून असाल आणि उत्पन्न बसत असेल तर ईडब्ल्यूएस. जात वैधतेच्या कामाला अकरावीतच लागा, बाकीचे दाखलेही निकालाची वाट न पाहता काढा. निकालानंतर ओरोसला रांगेत उभे राहिलात तर प्रवेशाची फेरी निघून जाते. दोन, एजंट. "बाहेरच्या राज्यात सीट आहे, परीक्षा नको, आधी पैसे भरा" असं कोणी सांगितलं तर कॉलेजचं नाव विचारा आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि त्या राज्याच्या परिषदेच्या यादीत ते स्वतः शोधा. माझ्या नात्यातल्या एका मुलीचं वर्ष आणि तिच्या वडिलांची आखाती कमाई अशीच गेली. मान्यता नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर तुम्ही नर्स नाही.

शेवटचा प्रश्न इज्जतीचा. आपल्या घराघरांतले पुरुष कुवेत, मस्कत, दोहाला गेले. आजारी पडले तेव्हा त्यांना केरळच्या नर्सनी सांभाळलं. त्या मुलींच्या घरच्यांनीही एकेकाळी टोमणे ऐकले होते. पुढे त्याच पगारातून भावंडं शिकली, घरं उभी राहिली. आणि धर्माचं म्हणाल तर मदिनेत रुफैदा अल-असलमिया होत्या. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज़ यांना पैगंबरांनी मस्जिदीतल्या रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितलं. चौदाशे वर्षांपूर्वी मस्जिदीच्या आवारात एक बाई जखमा बांधत होती, आणि आपण आज मालवणात विचारतोय की लोक काय म्हणतील.

बाबा आता नाहीत. शेवटच्या दिवसांत इथे घरी त्यांची कूस बदलायला आम्ही बाई शोधत होतो. सिंधुदुर्गात मुलं शिकायला आणि कमवायला बाहेर जातात, म्हातारे मागे राहतात. त्यांना कोण बघणार, हा प्रश्न तुमच्याही घरी येणार आहे.

पत्नीने निघताना एकच निरोप दिला होता: "त्यांना सांग, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच पळून जावंसं वाटतं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा." कागदपत्रांची यादी मी छापून आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. जाताना घेऊन जा, आणि मुलींनो, भावाच्या हातातही एक द्या.