उत्तरं जुळवायची तर टोळीनं
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. डॉक्टरकीची 'नीट' मी दिलेली नाही. पण ती सुटते तेव्हा सेंटरच्या गेटवर वस्तीतल्या पोरांना आणायला उभा राहिलोय. तिथं जे बघितलं त्यावर बोलतो.

मे महिन्याचं ऊन. गेट उघडतं. पोरं बाहेर येतात ती आईकडं बघत नाहीत की पाण्याकडं बघत नाहीत. "वाटाण्याच्या प्रश्नाला कुठला गोल काळा केलास?" "तीन नंबर." "खलास! दोन आहे."

हा खेळ नाही. 2025 च्या पेपरात 180 प्रश्न, 720 मार्क. त्यात एकट्या बायॉलॉजीचे 90 प्रश्न, 360 मार्क. म्हणजे निम्मा पेपर. बरोबर आलं तर 4, चुकलं तर वरून 1 कापणार. एक गोल इकडचा तिकडं झाला की 5 मार्कांचा फरक. 5 मार्कांत हजारो पोरं तुमच्या पुढं निघून जातात.

आता गेटवर कोण कुठं उभं असतं ते बघा. महागड्या क्लासची पोरं घोळक्यानं, मध्ये त्यांचे सर. आपली पोरं झाडाखाली, एकेकटी. घोळका मोठ्यानं बोलतो आणि मोठ्यानं बोलणाऱ्याचं उत्तर बरोबर ठरतं. आमच्या चाळीतल्या एका पोरीनं त्यांचं ऐकून स्वतःची चार उत्तरं चूक धरली. की निघेपर्यंत जेवली नाही. की निघाली तेव्हा चारातली तीन तिचीच बरोबर. तिला येत होतं हो! पण 'तुझं बरोबर आहे' म्हणणारं शेजारी कोणी नव्हतं.

हे भित्रेपण आईच्या पोटातून येत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात ती तंतुकणिका शिकली, हरितलवक शिकली. अकरावी सायन्सला गेली आणि एका दिवसात सगळं इंग्रजी. माइटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट. पेशी तीच, नाव परकं. 'नीट'चा पेपर मराठीतही मिळतो, पण भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजीच अंतिम, असा नियम आहे. म्हणजे शंका आली की आपली भाषा हरणार, हे आधीच ठरलेलं.

आणि पुस्तक? 2024 च्या पेपरात फिजिक्सचा अणूवरचा एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक उत्तर, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरं. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी दोन्हीला मार्क दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी सांगितलं, बरोबर एकच, नव्या पुस्तकातलं. जुनं उत्तर दिलेल्या चार लाखांहून जास्त पोरांचे 5-5 मार्क गेले. विज्ञान म्हणून तज्ज्ञांचं बरोबर असेल. पण सांगा, जुनं पुस्तक कुणाच्या घरात असतं? थोरल्या भावाचं पुस्तक धाकटी वापरते त्या घरात. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतात त्या घरात.

तामिळनाडूतल्या अरियलूरची अनिता आठवा. हमालाची लेक, आपल्यातली. बारावीला 1200 पैकी 1176. 'नीट'च्या विरोधात सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. 1 सप्टेंबर 2017 ला तिनं जीव दिला. हुशार पोरगी एकटी पडली की काय होतं, हे यापेक्षा वेगळं मी काय सांगू?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गोदीत टॅली क्लार्क त्याच्या कागदावर आकडा लिहितो. आमची टोळी आपली वेगळी मोजते. पाळी संपली की दोन्ही आकडे समोरासमोर. जुळले नाहीत तर टोळी एकदम बोलते. एकटा हमाल बोलला तर त्याला हाकलतील, टोळीला हाकलत नाहीत. उत्तरंही अशीच जुळवायची.

पेपर सुटल्यावर गेटवर थांबू नका. प्रश्नपत्रिका हातात असते, ती घेऊन संध्याकाळी बुद्धविहारात या. पुस्तक मध्ये ठेवा. ज्याचा आवाज मोठा त्याचं नको, पुस्तकातली ओळ दाखवेल त्याचं उत्तर मानायचं. मग तात्पुरती की निघते. तिच्यावर हरकत घेता येते, पण 2024 साली दर प्रश्नाला 200 रुपये मोजावे लागत होते. एकट्या पोरीला ते जड. वर्गणी काढू. आपण जयंतीला मांडव घालतो, डीजे लावतो. त्यातलाच एक भाग हरकतीच्या पेटीत टाका. आणि नवी आवृत्ती आली की एक संच वस्तीच्या वाचनालयात आलाच पाहिजे.

एवढ्यानं व्यवस्था कोसळणार नाही, मला ठाऊक आहे. गेटवरची लढाई वेगळी, गेट कुणी बांधलं ती लढाई वेगळी. दोन्ही लढायच्या. पण पुढच्या मे महिन्यात आपली एकही पोर झाडाखाली एकटी रडत बसता कामा नये. एवढं काम आजच वाटून घ्या. वही फिरवतोय, नावं लिहा.

जय भीम.