पुढचा प्रश्न

इथे परदेशात गणपतीच्या जेवणात शेजारी अनोळखी माणूस आला की ‘मूळचे कुठले?’, ‘इकडे कधी आलात?’ इथवर सगळं सुरळीत चालतं आणि मग दोघंही मुकाट्याने मसालेभात चिवडू लागतात. विषय सुचत नाहीत, असं निदान आपण करून टाकतो. मला ते पटत नाही. विषय समोरच्याच्या वाक्यातच असतो, आपलं लक्ष मात्र दुसरीकडे असतं. दहा भाषांतल्या बोलण्याचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात दिसलं. चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायलाही याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे दुसरा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव चालू असते. त्यात गैर काही नाही. जुळवाजुळव कशाची, एवढंच पाहायचं. कोणी म्हणालं, ‘‘आम्ही घर बदललं.’’ यावर ‘‘आमचं तर दोनदा झालं!’’ म्हणता येतं, किंवा ‘‘का हो, शाळेसाठी?’’ असं विचारता येतं. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी 1979 मध्येच हा फरक दाखवला: पहिलं उत्तर बोलणं स्वतःकडे ओढून घेतं, दुसरं समोरच्याला पुढे जाऊ देतं. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की प्रश्न विचारणारी माणसं, विशेषतः मिळालेल्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढणारी, समोरच्याला जास्त आवडतात.

यावर कोणी म्हणेल, प्रश्नांचा आपल्याकडे तुटवडा कुठे आहे? व्हिसा कुठला, घर केवढ्याला पडलं, दुसरं मूल कधी! खरं आहे, पण हे प्रश्न आपण घरूनच घेऊन आलेलो असतो. समोरच्याने काहीही सांगितलं तरी ते तेच राहतात. शिवाय स्वतःबद्दल चकार शब्द न काढता नुसतं विचारत सुटलं तर ती उलटतपासणीच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपल्या गप्पा एकमेकांचं वाक्य तोडल्याशिवाय रंगतातच कुठे? भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी न्यूयॉर्ककरांच्या बोलण्यात हेच पाहिलं आणि त्याला उद्धटपणा न म्हणता आपुलकी म्हटलं. मलाही ते मान्य आहे, मात्र मध्येच पडणारा माणूस त्याच विषयात भर घालत असला तर. शिवाय ज्याला या गलक्याची सवय नाही, तो अशा बैठकीत बाहेरच राहतो. आपल्याकडे असा माणूस बहुधा इथेच वाढलेला मुलगा किंवा मुलगी असते. त्यांना ‘कितवीत आहेस?’ एवढं विचारून आपण मोकळे होतो. पुढच्या वेळी दुसरा प्रश्न त्यांच्या उत्तरातून काढा, आणि उत्तर मराठीत आलं नाही तरी तिसराही विचारा.