सतरा तासांचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने विमानांवर कशाला बोलावे, असे काहींना वाटेल. पण अंतर आणि वेळ यांचा हिशेब शेवटी कामाच्या तासांपाशीच येतो. म्हणून तो मांडायला मी उभा आहे.

१ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास कंपनीचे विमान सिडनीहून लंडनला निघाले. आत उतारू २९ आणि कर्मचारी ११. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत ते चार दिवसांनी पोहोचले. पुढे २४ मार्च २०१८ रोजी याच कंपनीचे विमान ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाच्या पर्थहून उडाले, ते वाटेत कोठेही न टेकता सुमारे सतरा तासांनी थेट लंडनला उतरले. पर्थ सिडनीपेक्षा लंडनला जवळ, हे खरे. तरीही केवढा हा फरक!

पर्थ ते लंडन अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर सोळा तास होतात. मग वरचा तास कोठे गेला? तो मुख्यतः वाऱ्याने खाल्ला. त्या उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जायला वेळ जास्त, यायला कमी. वाऱ्यासारखेच राजकारणाचे. एप्रिल २०२४ मध्ये इराणवरचे आकाश टाळावे लागले, वाट लांबली आणि लंडनला जाणाऱ्या या विमानाला काही काळ सिंगापूरला उतरून इंधन घ्यावे लागले. दोन्ही शहरे मात्र होती तिथेच होती.

आता घड्याळाची गंमत पाहा. लंडनच्या हिवाळ्यात पर्थचे घड्याळ आठ तास पुढे असते. पर्थहून संध्याकाळी सातला निघा, सतरा तासांनी उतरा; लंडनला पहाटेचे चार वाजलेले असतील. घड्याळापुरते नऊच तास गेले! पण देहाला ही सूट नाही. त्याचे सतराच्या सतरा तास भरतात.

हे जाणूनच या फेरीवर चार वैमानिक असतात. आळीपाळीने काही जण चालवतात, बाकीचे विश्रांतीच्या जागेत पाठ टेकतात. ही झोप म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. उतारूंचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. शिवाय उड्डाणाआधीची तयारी आणि उतरल्यावरची आवराआवर तिकिटावर छापलेली नसते. कामगाराचा दिवस उतारूच्या प्रवासाहून मोठाच असतो.

१९४७ च्या प्रवासात रात्रीचे मुक्काम होते. आपण जे दिवस वाचवले, त्यांत यंत्राचा वेग आहे तसे हे मुक्कामही आहेत. मुक्काम गेला, पण झोपेची गरज गेली नाही. यंत्राचा पल्ला वाढला म्हणून माणसाचाही वाढला, असे कोणी धरून चालू नये. वाचलेल्या वेळेचे कौतुक आपण जरूर करू. पण त्या वेळेपायी कोण जागत आहे आणि त्याला पुरती विश्रांती मिळते काय, एवढे विचारायला विसरू नये.