गणवेश, धर्माज्ञा आणि मुलीचा हक्क
(नाशिक येथील व्याख्यान)



ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दरवाजासमोर आपली माणसे उभी राहिली, तेथे आज मी शाळेच्या दरवाजाविषयी बोलणार आहे. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावात फेब्रुवारी २०२२ मध्ये हजारो मुसलमान स्त्रिया हिजाबच्या समर्थनार्थ जमल्या. निमित्त कर्नाटकातील उडुपीचे होते. तेथील सरकारी महाविद्यालयाने हिजाब घातलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेविले होते, आणि ५ फेब्रुवारीस त्या राज्याच्या सरकारने गणवेशाचा आदेशच काढला होता.

न्यायालयांत हा वाद कसा चालला, ते पाहा. वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी कुर्ल्याच्या एका विद्यार्थिनीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. वर्ग केवळ मुलींचा, तेव्हा तेथे डोके झाकण्याची कुराणाची आज्ञा नाही, असे न्यायालयाने ठरविले. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयानेही हिजाब हा इस्लामचा अनिवार्य आचार नव्हे, असा निर्णय दिला. म्हणजे मुलीचा हक्क किती, हे धर्मग्रंथ उघडून मोजण्यात आले! हे माप आपल्याला नवे नाही. चवदार तळ्याचे पाणी आपण शास्त्राची परवानगी आहे म्हणून मागितले नव्हते. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा ते मापच फेकून दिले होते.

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातील दोघा न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली. न्या. सुधांशु धुलिया यांनी मात्र ग्रंथाचा वाद बाजूस ठेवून, हा मुलीच्या निवडीचा आणि शिक्षणाचा प्रश्न आहे, असे मानले. पुढे २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ला यांस मनाई केली. नऊ विद्यार्थिनी २६ जून रोजी उच्च न्यायालयात हरल्या. ९ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईस स्थगिती दिली आणि टिळा-टिकलीसही बंदी करणार काय, असे संस्थेस विचारले. वर्गात बुरख्याची मोकळीक मात्र दिली नाही.

बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात पडद्यावर कठोर टीका केली आहे, हे मी लपविणार नाही. ती मला मान्य आहे. मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी शाळेचा पोशाख ठरवावा आणि ज्या मुलीला तो नको तिने मुकाट राहावे, ही गुलामीच होय. पण तिच्यावर शाळेची फाटके लावून ही गुलामी सुटेल काय? घरी परतलेली मुलगी पडद्याच्याच अधिक स्वाधीन होते. अनेक उर्दू कन्याशाळांत सलवार-कमीजवर ओढणी हाच गणवेश आहे. तेवढ्या कापडाने बीजगणित अडत नाही. इराणात कायद्याने डोके झाकावयास लाविले, फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत ते उघडावयास लाविले. मुलीला दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

उद्या तुमच्या गावच्या शाळा समितीपुढे असा ठराव आला, मग तो मौलवीच्या आग्रहाने असो वा हिंदू पुढाऱ्याच्या, तर उठून विचारा: जी मुलगी हा पोशाख स्वीकारणार नाही, ती सोमवारी कोठे शिकेल? आणि मिळेल ते उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहवून घ्या.