नोकरीचें शहर आणि राहण्याचें घर

नव्या नोकरीचा हुकूम हातीं पडला, कीं पहिला दिवस आनंदांत जातो आणि दुसऱ्या दिवशीं प्रश्न उभा राहतो : बिऱ्हाड कोठें करावयाचें? वेतन किती, हुद्दा कोणता, कामावर केव्हां रुजू व्हावयाचें, हें सारें हुकुमांत लिहिलेलें असतें. राहावें कोठें, हें मात्र कोणी लिहून देत नाहीं. आणि पुढील कित्येक वर्षांचें घरचें स्वास्थ्य तर ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें. ‘घर पाहावें बांधून’ अशी म्हण आहे. परक्या शहरांत ती थोडी पालटून ‘घर पाहावें राहून’ अशी म्हणावी लागते.

उदाहरणादाखल सांगलीचा एक गृहस्थ कल्पावा. त्याला मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील एका कचेरींत जागा मिळाली आहे. घरीं पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि वृद्ध आई. सांगलीस कचेरी, शाळा, मंडई आणि देऊळ हीं सारीं घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळें घर कोठें असावें, हा विचार करण्याची पाळी त्याच्यावर कधीं आलीच नव्हती. मुंबईंत मात्र पहिल्या दिवसापासून हाच विचार त्याची पाठ सोडीत नाहीं.

ह्याचें कारण मुंबईच्या बांध्यांत आहे. दक्षिणेकडे निमुळतें होत गेलेलें हें शहर उत्तरेकडे वाढलें, तें रेल्वेच्या रुळांचा हात धरून. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां ते 34 किलोमीटर म्हणजे एक प्रवास होता; आज तेवढें अंतर लक्षावधि माणसें रोज दोनदां तोडतात. म्हणून मुंबईकर अंतर मैलांत सांगत नाहीं, मिनिटांत सांगतो.

पूर्वीं कामकऱ्यानें हा प्रश्न सोपा करून टाकला होता. लालबाग-परळच्या गिरणगांवांत चाळ गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यांत असे, आणि कोंकणांतून वा घाटावरून आलेला माणूस पायीं पाळीवर जाई. त्याला जाण्यायेण्याचा खर्च पडत नसे आणि वेळही मोडत नसे. परंतु 18 जानेवारी 1982 रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हां नीट उभ्या राहिल्याच नाहींत. चाळ जागच्या जागीं राहिली; काम मात्र निघून गेलें. कचेऱ्यांचीही हीच गोष्ट. एके काळीं पेढ्या आणि बँका म्हणजे फोर्ट व नरीमन पॉइंट असें समीकरण होतें. पुढें त्यांतील पुष्कळ वांद्रे-कुर्ला संकुलांत आल्या. तेव्हां कचेरीच्या दारालाच घर बांधून टाकणें शहाणपणाचें नव्हे. काम फिरतें आहे, असें धरूनच जागा निवडावी. ज्या स्थानकावरून दोन दिशांना वाटा फुटतात, त्याच्या आसपास राहणाऱ्यास नोकरी बदलली तरी घर बदलावें लागेलच असें नाहीं. दादर हें पश्चिम व मध्य रेल्वेच्या भेटीचें ठिकाण. कुर्ल्यास मध्य व हार्बर मार्ग मिळतात. ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे निराळा फांटा जातो. अंधेरीस 2014 सालापासून मेट्रोनें घाटकोपरही जोडलें गेलें आहे.

आतां भाड्याचा हिशेब. दूर गेलें म्हणजे जागा स्वस्त मिळते, हें कोणीही सांगतो. ती किती स्वस्त पडते, हें फारसें कोणी मोजीत नाहीं. समजा, दूरच्या जागेचें भाडें महिन्याला 12,000 रुपयांनीं कमी आहे. परंतु तेथून कचेरीस पोंचावयास पावणेदोन तास लागतात आणि जवळच्या जागेहून पाऊण तास. जातांयेतां रोजचा फरक दोन तासांचा झाला. वर्षांत कामाचे दिवस 250 धरले, तर 500 तास झाले. वांचलेलें भाडें 1,44,000 रुपये. म्हणजे हा गृहस्थ आपल्या आयुष्यांतील एकेक तास 288 रुपयांस विकतो आहे. आणि हा तास कचेरीचा नव्हे, मुलीला झोपण्यापूर्वीं गोष्ट सांगण्याचा आहे. कोणाला हा सौदा परवडेल, कोणाला तो करणें भागच असेल. परंतु विकतों आहोंत, हें विकणाऱ्यास ठाऊक असावें.

जागा पाहावयाची, ती बहुधा रविवारीं पाहिली जाते, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. रविवारची गाडी निराळी, रविवारचा रस्ता निराळा. सोमवारीं सकाळीं, कचेरीच्या नेमक्या वेळेस, त्या घराच्या उंबऱ्यापासून कचेरीच्या खुर्चीपर्यंत एकदां प्रत्यक्ष जाऊन यावें. स्थानकापर्यंतची रिक्षाची रांग, पुलावरची दाटी, उतरल्यानंतरची बस, हीं सारीं मिनिटें मोजावीं. जाहिरातींत लिहिलेलीं ‘स्थानकापासून दहा मिनिटें’ कोणाच्या पायांचीं, हें त्याशिवाय कळत नाहीं.

दुसरी पारख पावसाची. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. उन्हाळ्यांत जागा घेणाऱ्यास ती गल्ली कोरडी ठणठणीत दिसते. त्या दिवशीं पाणी कोठवर आलें होतें, हा प्रश्न दलालाला विचारण्यापेक्षां नाक्यावरच्या जुन्या वाण्याला विचारावा. नळाला पाणी किती वेळ येतें, हेंही तोच खरें सांगेल.

करारपत्राविषयीं आळस करूं नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, ह्यान्वयें लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी जागेच्या मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी नको, अशी समजूत अजून आढळते. ती चुकीची आहे. आणि पहिल्या वर्षीं तरी भाड्यानेंच राहावें. नवी नोकरी मानवते कीं नाहीं, हेंच जेथें ठरावयाचें आहे, तेथें वीस वर्षांच्या कर्जाचें घर घेणें म्हणजे पाण्याची खोली न पाहतां उडी टाकणें होय.

हा सारा हिशेब त्या सांगलीच्या गृहस्थानें चोख केला, कागदावर तीन जागांचे रकाने पाडले आणि तो कागद घरीं सर्वांसमोर ठेवला. आईनें तो ऐकून घेतला आणि एवढेंच विचारलें, “अरे, तूं सकाळीं जाशील तो रात्रीं येशील. दिवसभर मीं बोलायचें कोणाशीं?” ह्या प्रश्नासाठीं कागदावर रकानाच नव्हता.

खरी गोम येथें आहे. घराची निवड कमावता माणूस आपल्या कचेरीपासून मोजून करतो. परंतु त्या घरांत जागेपणींचे सर्वांत थोडे तास त्याचेच जातात. दिवसभर तेथें वावरते ती वृद्ध आई, जिला जिना चढवत नाहीं आणि जिला संध्याकाळीं बसावयास एखादा पार, एखादें देऊळ, चार बोलणारीं माणसें हवीं असतात. तेथून पायीं शाळेंत जावयाचें असतें तें मुलीला. आणि पत्नीनें सांगलीची आपली नोकरी ह्या बदलीपायीं सोडली असेल, तर तिला नवी नोकरी कोणत्या दिशेस मिळण्याजोगी आहे, हा विचार मागाहून करावयाचा नसतो. तो पहिल्या रकान्यांत यावयास हवा.

त्या कुटुंबानें मग कागद नव्यानें आंखला. पत्नीच्या कामाची आशा ऐरोलीस होती. डोंबिवलीची जागा ऐसपैस होती आणि शेजार सांगलीसारखा, पण दोघांनाही ती दूर पडत होती. कुर्ल्याची जागा कचेरीस सर्वांत जवळ. परंतु ती चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीस लिफ्ट नव्हती. अखेर ठाण्यास, तळमजल्यावर, दोन खोल्यांचें बिऱ्हाड वर्षाच्या करारानें ठरलें. गृहस्थाचा प्रवास कुर्ल्याहून झाला असता त्यापेक्षां लांबला, भाडें डोंबिवलीपेक्षां अधिक पडलें. परंतु शाळा वळणावर होती, आणि समोरच्या देवळाच्या ओट्यावर संध्याकाळीं चार म्हाताऱ्या बसत.

हें उत्तर प्रत्येकाचें नव्हे. एकट्या तरुणास कुर्ल्याचा चौथा मजला सुखाचा होईल. ज्याचें वेतन बेताचें, त्याला डोंबिवलीस जाण्यावांचून गत्यंतर नसेल. उत्तरें निराळीं असणारच. परंतु प्रश्न एकट्यानें सोडवूं नये. नोकरीचा हुकूम एकाच्या नांवानें येतो. बिऱ्हाड मात्र सर्वांचें हलतें.